कार्डावरचं नाव

त्याच्या खिशातून आधी कलमाची कात्री निघाली. मग सुतळीचं गुंडाळं, मग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा, मग अर्धा खाल्लेला पेरू… आणि ओळखपत्र काही निघेना.

“आहे हो मॅडम, इथंच होतं,” म्हणत त्याने दुसऱ्या खिशात हात घातला. तिथून चिमूटभर लाल माती निघाली, ती थेट माझ्या काउंटरवर. मागे सात माणसं रांगेत. बाहेर आषाढातला पाऊस जरा उघडला होता आणि सगळ्यांच्या छत्र्या दुकानाच्या फरशीवर गळत होत्या.

“खिसा आहे का परसबाग?” मी विचारलं.

“दोन्ही,” तो म्हणाला, आणि इतका ओशाळून हसला की मलाही हसू फुटलं.

आता तुम्ही म्हणाल, हसलीस तर काय आभाळ कोसळलं? कोसळलं! कारण हसता हसता मी ते म्हणून गेले, जे महिनाभरात कुणालाही म्हटलं नव्हतं.

“राहू दे. पुढच्या वेळी आणा.”

कार्ड मशीनवर टेकवलं, पावती फाडली. कार्डाच्या कोपऱ्यावर कात्रीचा चरा होता आणि खाली नाव होतं — संदेश शितप.

“झालं, संदेश शितप. पावती घ्या.”

तो थबकला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं… तेवढ्यात मागच्या बाईने पिशवीने ढोसलं. “हं,” एवढंच म्हणाला, दोन बादल्या आणि पेरू उचलला, आणि गेला. दाराशी वळून एकदा बघितलं. मी बघत नव्हते. म्हणजे, बघत नसल्यासारखं करत होते.

मी राही धनावडे. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्याजवळ ‘गृहसाज’ म्हणून चारुकाकांचं दुकान आहे — बादल्या, डबे, मिक्सर, दिव्यांच्या माळा, घरात लागेल ते सगळं. तिथली मी कॅशियर. आणि तिथला तो ओळखपत्राचा नियम, तोही माझाच. कार्डाने पैसे द्यायचे असतील तर कार्डावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. मग समोर कुणीही असो.

शेजारच्या काउंटरवरच्या हेमाताईंना हे मुळीच पटत नव्हतं. “अगो, ह्या गावात कुणाला शिंक आली तरी पलीकडच्या आळीत कळतं,” त्या म्हणायच्या. “ओळखपत्र कसलं मागतेस? आणि हल्ली निम्मी माणसं मोबाइलवरून पैसे देतात, कार्डवाले उरलेत किती? त्यांनाही पळवून लावणार आहेस तू.”

कारण सांगते. आमची आई, तुळसा धनावडे, मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात कामाला जाते. गेल्या वर्षी तिचं कार्ड एसटी स्टँडवर पडलं. पाच हजारांच्या आत पिन लागत नाही, नुसतं टेकवलं की झालं. तासाभरात कुणीतरी ते तीन दुकानांत टेकवलं. एका दुकानदाराला आठवत होतं, माणूस दाढीवाला होता म्हणे. दाढीवाला! आणि कार्डावर नाव तुळसा! “आम्ही नाव कुठं वाचत बसतो?” तो म्हणाला. पैशांचं दुःख होतंच, पण आई महिनाभर स्वतःलाच बोल लावत बसली — माझंच चुकलं गो, मीच धांदरट. ते मला सहन झालं नाही. तीन दुकानांतल्या एकाने जरी मान खाली करून नाव वाचलं असतं ना!

तर नियम मी सुरू केला, आणि तिसऱ्याच दिवशी एक निवृत्त हेडमास्तर आले. “माझं ओळखपत्र मागतेस? तुझ्या बापाला सातवीत दोनदा बसवलाय मी!” मी म्हटलं, “हो सर, बाबा सांगतात. ओळखपत्र?” ते तडक चारुकाकांकडे गेले.

चारुकाका भला माणूस, पण गिऱ्हाईक रागावलं की त्यांना घाम फुटतो. त्यांनी मला बोलावलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला. “राही, गणेश चतुर्थीपर्यंत मुदत देतो. तोपर्यंत तुझ्या नियमात एकही चूक नको — ह्याला विचारलं, त्याला सोडलं, असं नको. जमलं तर नियम कायम आणि तूही कायम. नाही जमलं तर नियम बंद, आणि तुझं नंतर बघू.”

कायम! घरात बाबांचे पैसे मुंबईहून कधी येतात, कधी येत नाहीत. कायम नोकरी म्हणजे आईला कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीला जावं लागणार नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. आणि बरोब्बर महिन्याने त्या कात्रीवाल्यापुढे हसले.

चार दिवसांनी तो परत आला. ह्या वेळी फक्त सुतळी घेतली. काउंटरवर आला आणि स्वतःहूनच खिशाला हात लावला.

“असू दे हो,” मी म्हटलं. “तुम्हाला ओळखते की आता.”

ऐकलंत? ओळखते की! हेडमास्तरांचं तेच म्हणणं, हेमाताईंचं तेच म्हणणं, आणि मी त्यावर दिवसभर तावातावाने भांडायची. पण त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब थांबला होता, पडतोय की नाही असा… आणि मी तेवढंच बघत होते. त्याचा हात खिशावर क्षणभर राहिला, मग हळूच खाली आला.

मग तो येतच राहिला. हातखंब्याच्या पुढे त्याची रोपवाटिका होती, आंब्याकाजूची कलमं विकायचा. आठवड्यातून एकदा येणारा माणूस दोनदा यायला लागला, मग एक दिवसाआड. आधी ताडपत्री, मग झारी, मग डबा… आणि एकदा तर नुसते कपड्यांचे चिमटे.

“रोपांना चिमटे लागतात?” मी विचारलं.

“नाही. मला लागतात. स्वतःला काढायला, की हे स्वप्न तर नाही ना.”

“हा संवाद घरून पाठ करून आलात?”

“हातखंब्यापासून,” तो म्हणाला. “वाटेत दोनदा विसरलो.”

हेमाताई पलीकडून खोकल्या. मी पावती इतकी लांब खेचली की कागद संपला.

एकदा गर्दी नव्हती तेव्हा त्याने विचारलं, “एवढं कडक का वागता हो कार्डांच्या बाबतीत?” मी आईचं सगळं सांगितलं. तो ऐकताना हलला नाही. मग म्हणाला, “तीन दुकानांत कुणी नाव वाचलं नाही?” त्याचा चेहरा एकदम उतरला होता. मला वाटलं, काय हळवा माणूस आहे हा. आता कळतं, त्याला काय टोचलं ते.

“आणि तुम्ही सगळं कार्डावरच का घेता?” मी विचारलं. “चिमटेसुद्धा?”

“पॉइंट मिळतात,” तो म्हणाला. “घरचा सगळा खर्च ह्याच कार्डावर करायचा असं ठरलंय. पॉइंट साठले की आईला विमानात बसवायचंय. तिने विमान फक्त शेतातून पाहिलंय, वर बघून. तिला एकदा वरून शेत बघायचंय.”

आता सांगा, अशा माणसाकडे ओळखपत्र कोण मागेल?

श्रावणात तो मला सोनचाफ्याचं कलम घेऊन आला. काळ्या पिशवीत, कमरेला पांढरी चिठ्ठी बांधलेली. “लेबल काढू नका,” तो म्हणाला. “आमच्या धंद्यात लेबलावर सगळं. हापूस म्हणून रायवळ दिला तर माणसाला पाच वर्षांनी कळतं, आणि मग शिव्या द्यायला मी सापडत नाही.”

“तुम्ही केलंय कधी असं?”

“रोपांच्या बाबतीत? कधीच नाही.”

मी ते मिरजोळ्याला आमच्या अंगणात लावलं. आई विचारायला लागली, कुणी दिलं गो? मी म्हटलं, गिऱ्हाइकाने. आई म्हणाली, “बरी गिऱ्हाइकं हायत हो तुमच्याकडे. मला कोण काजूचं टरफलसुद्धा देत नाय.”

माझ्या सुट्टीच्या गुरुवारी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. ‘गेलो’ म्हणजे, मी स्कूटीवरून वेगळी आणि तो त्याच्या टेंपोतून वेगळा, आणि सुरूच्या झाडांखाली अचानक भेटल्यासारखं केलं. समुद्र गढूळ होता, होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. भुट्टेवाल्याने दोन कणसं भाजून दिली. माझं कणीस जरा करपलं होतं, तर त्याने काही न बोलता स्वतःचं माझ्या हातात दिलं आणि माझं घेतलं. तेवढ्यानंच झालं बघा माझं. माणूस कशाने पडतो काय सांगावं, मी कणसाने पडले.

“तू असं बघू नकोस ना,” मी म्हटलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, मलाच कळलं नाही.

“राही…” तो म्हणाला. कणीस खाली ठेवलं. “मला एक सांगायचंय. माझं नाव—”

“छान आहे नाव,” मी मध्येच म्हटलं. माझी ही सवय, कुणाला वाक्य पुरं करू देत नाही. “मला आवडतं. संदेश. घरी झोपताना एकदा म्हणून बघते.”

तो लाटेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पाऊस येईलसं दिसतंय.” आणि खरंच आला, दोघंही भिजत पळालो, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

चतुर्थीला तीन दिवस उरले. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मुंबईहून माणसं उतरली होती, प्रत्येकाला मखराचे कागद हवे, माळा हव्या, आणि सगळं कालच हवं होतं. मी सकाळपासून बोलून बोलून घसा बसवला होता. मुदत संपायला तीन दिवस, आणि एकाही गिऱ्हाइकाला सोडलं नव्हतं. अगदी एकालाही… असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं हो! तो माझ्या हिशेबात गिऱ्हाईक राहिलाच नव्हता.

एक गोलमटोल, चष्मेवाला माणूस दिव्यांच्या चार माळा घेऊन पुढे आला. मुंबईहून आदल्याच दिवशी घरी आलेला असावा, खांद्याला अजून प्रवासाची बॅग. त्याने कार्ड दिलं.

मी नाव वाचलं. संदेश शितप.

शितप काय, ह्या बाजूला ढिगाने आहेत. संदेशही असतील दोन. पण कार्डाच्या कोपऱ्यावर कात्रीचा चरा होता.

“ओळखपत्र?” मी विचारलं. आवाज माझाच होता की नाही कोण जाणे.

“हे घ्या की!” त्याने आनंदाने आधार कार्ड पुढे केलं. “मुंबईत कुणी विचारत नाही हो. बरं वाटलं. माझा भाऊ म्हणालाच होता, तिथली मॅडम एकदम कडक आहे.”

नाव तेच. फोटो ह्याचाच. मी कार्डावरच्या चऱ्यावरून नख फिरवलं.

“हे कार्ड… तुमच्याशिवाय कुणी वापरतं?”

“विनोद वापरतो ना! माझा धाकटा भाऊ. कलमांची बाग आहे त्याची. हे कार्ड मी घरीच ठेवलंय, मुंबईला माझं दुसरं आहे. आमच्याकडे सगळ्यांची कार्डं आईच्या बिस्किटांच्या डब्यात असतात हो, देवघरात. जो रत्नागिरीला निघेल तो उचलतो.” मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “का हो? त्याने काही घोटाळा केला?”

“नाही,” मी म्हटलं. “काही नाही. पावती घ्या.”

“हल्ली त्याच्या तोंडात सारखं गृहसाज. बादली फुटली तर गृहसाज, नाही फुटली तरी गृहसाज,” असं हसत हसत सांगत तो गेला.

विनोद. दोन महिने मी ज्याला संदेश म्हणत होते, त्याचं नाव विनोद. कॅशियर म्हणून मी साऱ्या गावाची नावं तपासली, हेडमास्तरांना घरी पाठवलं, आणि ज्याच्यावर जीव जडला त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं! दुपारी मोबाइल वाजला. पडद्यावर अक्षरं आली — संदेश. मला त्याचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. मी उचलला नाही. चार वेळा वाजला, चार वेळा नाही उचलला.

हेमाताईंनी डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि मला गोदामात नेलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “हे बघ, कार्डवाल्याची तक्रार आहे का? नाही. घरातलं कार्ड घरातल्याने वापरलं. कुणाचं काही गेलं नाही. तीन दिवस गप्प बस, कायम हो, मग त्या मेल्याला काय शिव्या द्यायच्या त्या दे.”

खरं होतं ते. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मग मी आईला काय सांगणार होते? की नियम सगळ्यांना, फक्त कणीस देणाऱ्याला नाही? आईचं कार्ड ज्यांनी टेकवून घेतलं त्यांनीही असंच कुणाचं तरी नाव वाचलं नव्हतं. माझ्या हातून चोरी झाली नाही ती माझ्या नशिबाने, माझ्या कामाने नाही.

मी चारुकाकांच्या टेबलापाशी गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. एका गिऱ्हाइकाला ओळखपत्र विचारलं नाही. एकदा नाही, दोन महिने. कार्ड त्याच्या भावाचं होतं.

चारुकाकांनी चष्मा पुसला. “का नाही विचारलंस?”

मी टेबलावरच्या पावत्या उगीच सारख्या केल्या. कान तापले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं असावं.

“तू सांगितलं नसतंस तर मला समजलं असतं?”

“नाही काका.”

“मग नियम राहील,” ते म्हणाले. “पण तुझी मुदत पुन्हा पहिल्यापासून. कायमचं दिवाळीनंतर बघू. आणि एक पाटी कर.”

पाटी मीच लिहिली, त्यांनी सांगितली तशी: कार्डाबरोबर ओळखपत्र दाखवावे. ओळखीच्यांनी आधी दाखवावे.

घरी आईला सांगितलं, दिवाळीपर्यंत दुसरी पाळी करावी लागेल तुला. का, तेही सांगितलं. आई ताटातला भात कालवत बसली. मग म्हणाली, “तू बोललीस ना खरं? मग झालं. पाळीचं काय, सवय हाय मला.” आणि थोड्या वेळाने, “पन तो सोनचाफा उपटू नको हां. त्याने काय केलंय?” मी त्या रात्री पोटभर रडले. बरं वाटलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळीच रांग दारापर्यंत गेली होती. मी मान वर न करता काम करत होते. “पुढचे.” “पुढचे.” एवढ्यात हेमाताईंचा आवाज आला, “अरे, इकडे ये, माझा काउंटर रिकामा आहे.”

“नको,” कुणीतरी म्हणालं. “मला इथंच.”

मी मान वर केली. तो. हातात कापराची एक डबी, आणि काखेत फाइल. पाऊण तास रांगेत उभा होता म्हणे.

मी दुकानातला आवाज लावला. “कार्ड?”

त्याने कार्ड ठेवलं. कोरं, चरा नसलेलं. विनोद शितप.

“ओळखपत्र?”

त्याने फाइल उघडली. आधार कार्ड ठेवलं. त्यावर लायसन्स. त्यावर मतदान कार्ड, रेशन कार्ड, रोपवाटिकेचा परवाना. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून शाळा सोडल्याचा पिवळा पडलेला दाखला काढला. “ह्यावर खूण पण आहे,” तो म्हणाला. “उजव्या कोपरावर तीळ.” आणि बाही वर सारून कोपर पुढे केलं. रांगेत खसखस पिकली. तो हसला नाही.

“हे सगळं आज सुचलं तुम्हाला?” मी हळू आवाजात म्हटलं. ‘तुम्हाला’वर जोर दिला, त्याला लागावं म्हणून. “दोन महिने काय झालं होतं?”

“पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या पुढच्या माणसाला परत पाठवलंत. मेव्हण्याचं कार्ड होतं त्याच्याकडे. मी घाबरलो. दुसऱ्या वेळी सांगणारच होतो, खिशात हात घातला होता… तर तुम्ही म्हणालात, ओळखते की. तुमच्या आईचं ऐकलं तेव्हा तर मला स्वतःचीच लाज वाटली. वाटलं, आता सांगितलं तर ही पुन्हा कधी हसायची नाही. भाट्याला अगदी तोंडाशी आलं होतं.”

“मग?”

“तू म्हणालीस, संदेश नाव छान आहे.”

मला हसू आलं. ते मी गिळलं. मशीनच्या तारेशी उगीच चाळा केला. “लेबल चुकीचं लागलं तर रोपाचं काय करतोस तू?”

‘तू’ ऐकून त्याचे डोळे लकाकले, पण आवाज खालीच राहिला. “रोप टाकत नाही. लेबल बदलतो. आणि गिऱ्हाइकाची माफी मागतो.” तो थांबला. “माफ कर, राही. तुझी नोकरी पणाला लागली होती हे मला काल दादाकडून कळलं, त्याला बाजारात हेमाताईंनी गाठून सांगितलं. मला माहीत असतं तर… नाही, माहीत नसलं तरी मी सांगायला हवं होतं. मला तू आवडतेस. हे विनोद शितप म्हणतोय, कागदपत्रं समोर आहेत.”

दुकानभर माळांचे दिवे लागत होते, विझत होते.

“दे गो बाय माफी,” मागून एक आजी म्हणाली. “माझ्या पिशवीत पाच नारळ हायत, हात तुटायला आला.”

मी कार्डावरचं नाव वाचलं. आधारवरचं वाचलं. फोटो बघितला, चेहरा बघितला — जरा जास्तच वेळ बघितला. मग कार्ड टेकवलं.

“झालं, विनोद शितप. पावती घ्या.”

“एकदा नुसतं विनोद म्हण ना.”

“पुढचे!” मी ओरडले. पण हसत होते, आणि ते सगळ्या रांगेने बघितलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढून ‘संदेश’ पुसलं आणि नीट नाव घातलं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला आणि आईला दर्शनाला बोलावलं. हातखंब्याच्या पुढे लाल वाट, दोन्ही बाजूंना काळ्या पिशव्यांतली रोपं, प्रत्येकाच्या कमरेला चिठ्ठी. संदेशदादा पडवीत माळा दुरुस्त करत होते, मी विकलेल्याच. मला बघून म्हणाले, “गॅरंटी आहे ना हो मॅडम?” मी काही बोलणार तोच उंबऱ्यात यमुनाबाई येऊन उभ्या राहिल्या. विनोदची आई. बारीक अंगाच्या, कपाळावर भलंमोठं कुंकू, दोन्ही हात चौकटीला. वाट अडवून.

“तूच ती कार्डवाली काय?”

“हो…” मी म्हटलं.

“माझ्या लेकाला पाऊण तास उभा केलास?”

“हो.”

“बरं केलंस. ओळखपत्र आणलंस काय गो तुझं?”

विनोद म्हणाला, “आई!” माझी आई पदराआड हसायला लागली. मी मात्र पर्समध्ये हात घातला. माझा नियम आहे, मी दाखवणार नाही तर कोण दाखवणार? आधार कार्ड पुढे केलं. यमुनाबाईंनी ते हात लांब करून धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं, आणि विनोदला दिलं. “वाच रे.”

“राही धनावडे,” त्याने वाचलं. “मिरजोळे, तालुका रत्नागिरी.”

“फोटो जुळतो?”

“फोटोपेक्षा बरी आहे.”

“मग ये आत,” त्या म्हणाल्या आणि वाट सोडली.

दर्शन झालं, हातावर मोदक पडला. माझं कार्ड अजून यमुनाबाईंच्याच हातात होतं. त्या देवघरात गेल्या, फडताळातून पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला. चित्र पुसट झालेला, झाकण जरा वाकलेलं. आत संदेशदादांचं चरेवालं कार्ड, विनोदचं नवं कार्ड, रेशन कार्ड, काय काय. त्यांनी माझं कार्ड त्यावर ठेवलं आणि झाकण लावलं.

मी ती मीच. जीभ आवरते थोडीच! “अहो आई… कार्ड असं दुसऱ्यांच्या डब्यात ठेवू नये. आपलं आपल्याकडेच असावं. मी सगळ्यांना हेच सांगते.”

यमुनाबाईंनी माझ्याकडे बघितलं, विनोदकडे बघितलं, आणि डबा पुन्हा फडताळात सरकवला.

“दुसऱ्यांचा कुठला?” त्या म्हणाल्या. “घरचीच हायत सगळी.”

माझी आई आरतीच्या तबकातली फुलं उगीच नीट लावत राहिली. विनोद दाराला टेकून पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत होता, कानाच्या पाळीपर्यंत लाल झालेला.

“विनोद,” मी म्हटलं. नुसतं विनोद. त्याने चटकन मान वर केली. “मला जरा पाणी देतोस?”

त्याने आणलं. तांब्या देताना बोटं लागली, दोघांनीही घाईने काढली नाहीत.

संध्याकाळी निघताना आई वाटेत थांबली. “राही, कार्ड राहिलं गो तुझं त्यांच्या डब्यात!”

मी मागे वळून बघितलं. तो रोपांच्या रांगेत उभा होता, हात वर करून.

“राहू दे,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी आणू.”